पेट्रोल पंपाचे जनक सिल्व्हानस बाउझर

छत्रपती संभाजीनगर : गारखेडा परिसरात सूतगिरणी चौकाकडे जाता-येता पंपावर थांबायचे, शंभराचे पेट्रोल मागायचे, यंत्रावर शून्य आल्याची खात्री करायची आणि नोझल टाकीत गेले की पळत्या आकड्यांवर नजर ठेवायची, हा असंख्य दुचाकीस्वारांचा नित्यक्रम आहे. टाकीत प्रत्यक्षात किती इंधन पडले, हे मात्र कोणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा आणि पैसे मोजले जातात ते त्या आकड्याच्या भरवशावर. हा भरवसा यंत्रावर सोपविण्याची सुरुवात सुमारे १४० वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका किराणा दुकानात झाली. ती करणाऱ्या कल्पक विक्रेत्याचे नाव सिल्व्हानस फ्रीलव्ह बाउझर.

बाउझर यांचा जन्म १८५४ चा. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन हे शहर त्यांची कर्मभूमी. त्यांच्या उमेदीच्या काळात मोटार अस्तित्वात आलेली नव्हती. घरोघरी दिवे जळत ते रॉकेलवर आणि रॉकेल मिळे किराणा दुकानात. दुकानदार पिंपातून माप भरून ग्राहकाच्या भांड्यात ओतून देई. त्यात तेल सांडे, हात माखत, मापात कमी-जास्त होई आणि आगीची भीती कायम असे.

फोर्ट वेनमधील जेक गंपर या किराणा दुकानदाराची अडचण आणखी वेगळी होती. त्याच्या दुकानात रॉकेलचे पिंप लोण्याच्या पिंपाशेजारी असल्याने लोण्याला रॉकेलचा वास लागे, असे सांगितले जाते. बाउझर यांनी त्यावर तोड काढली. गोल टाकी, तिच्यात लाकडी दट्ट्या, संगमरवरी झडपा आणि वर उभा दांडा, अशी ती रचना होती. दांडा हलविला की तेल तोटीतून थेट ग्राहकाच्या भांड्यात पडे. ५ सप्टेंबर १८८५ रोजी हा पहिला पंप गंपर यांना विकला गेला. त्या वेळी बाउझर तिशी नुकतीच ओलांडत होते. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये त्यांना या रचनेचे पेटंट मिळाले.

आपल्याकडील मागील पिढीला हे चित्र अपरिचित नाही. रेशन दुकानातील रॉकेलचे पिंप, त्यात उभा केलेला हातपंप, लिटरचे पत्र्याचे माप, नरसाळे आणि समोर डबे घेऊन उभी असलेली रांग मराठवाड्यातील अनेकांना आजही आठवत असेल. माप काठोकाठ भरले की नाही, यावरून दुकानदाराशी होणारे वादही त्याच आठवणीचा भाग आहेत.

दरम्यान मोटारीचा जन्म झाला, पण तिला इंधन देणारी व्यवस्था नव्हती. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी जर्मनीत पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास केला, तेव्हा त्यांना इंधन वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले होते. पुढेही कित्येक वर्षे मोटारमालक डब्यातून पेट्रोल आणून नरसाळ्याने टाकीत ओतत. ही उणीव बाउझर यांनी हेरली. रॉकेलपेक्षा अधिक ज्वालाग्राही असलेल्या पेट्रोलसाठी त्यांनी आपल्या पंपात सुधारणा केल्या. १९०५ मध्ये त्यांचा स्वयंमापन पंप बाजारात आला. लाकडी कपाटात सुमारे १९० लिटरची धातूची टाकी, हाताने चालणारा पंप, ठरावीक मापाला थांबणारी योजना आणि थेट मोटारीच्या टाकीत पोहोचणारी नळी, असे त्याचे स्वरूप होते. आजच्या पेट्रोल पंपाचा मूळ आराखडा त्यात स्पष्ट दिसतो.

व्यवसाय वाढला तसे प्रतिस्पर्धीही आले. वेन आणि टोखाइम या पंप बनविणाऱ्या कंपन्यांमुळे फोर्ट वेन ही या उद्योगाची राजधानीच बनली. तथापि, ग्राहकाच्या मनातील शंका मिटली नव्हती. बंद कपाटातून आलेले पेट्रोल पुरेपूर आहे कशावरून? त्यावर पुढे काचेचे पंप निघाले. इंधन आधी उंचावरील काचेच्या नळकांड्यात चढवायचे, त्यावरील खुणांवर ग्राहकाने माप पाहायचे आणि मगच ते टाकीत सोडायचे. १९३० च्या दशकात लिटर वा गॅलनसोबत रक्कमही दाखविणारी यांत्रिक आकडेमोड आली आणि काचेचे पंप मागे पडले. हे स्थित्यंतर पाहून १९३८ मध्ये बाउझर यांचे निधन झाले.

त्यांचे आडनाव मात्र टिकले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पेट्रोल पंपालाच बाउझर म्हटले जाऊ लागले. आपल्याकडे विमानात इंधन भरणाऱ्या टँकरला हे नाव आहे. २०१८ मध्ये पुण्यात इंडियन ऑइलने डिझेल दारात पोहोचविण्याचा प्रयोग सुरू केला, त्यानंतर डिझेल बाउझर हा शब्द राज्यातही रुळला.

आजच्या यंत्रात दांड्याची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे. जमिनीखालच्या टाकीतून इंधन वर येते, त्यातील हवा वेगळी केली जाते आणि ते मीटरमध्ये शिरते. मीटरमधील दट्टे प्रत्येक फेऱ्यात ठरावीक इंधन पुढे ढकलतात. त्यांच्यामुळे फिरणाऱ्या दांड्याच्या गतीचे पल्सर हा भाग विद्युत स्पंदांत रूपांतर करतो. स्पंद मोजून लिटर ठरतात आणि दराने गुणून रक्कम पडद्यावर उमटते. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. टाकी भरून ते इंधनाने झाकले गेले की आत निर्वात दाब तयार होतो आणि खटका सुटून प्रवाह आपोआप थांबतो.

लबाडीने घाव घातला तो नेमका पल्सरवर. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यात ठिकठिकाणच्या पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात फेरफार करून माप मारण्याचे प्रकार उघडकीस आले. आकडा पूर्ण दिसे, इंधन कमी पडे. गंपर यांच्या काळात कमी माप निदान डोळ्यांना दिसत होते; आता ते विद्युत मंडलात दडू शकते.

त्यामुळेच वैधमापनशास्त्र विभागाची दरवर्षीची पडताळणी आणि यंत्रावरील मोहोर यांना महत्त्व आहे. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवणे बंधनकारक असून शंका आल्यास ग्राहक आपल्यासमोर मोजणी करून मागू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. त्याहून अधिक तूट आढळल्यास पंपचालकाला जाब विचारता येतो आणि विभागाकडे तक्रारही करता येते. बाउझर यांनी माप यंत्रात बसविले. ते तपासण्याचा अधिकार मात्र ग्राहकाकडेच राहिला आहे आणि त्यासाठी फक्त ते पाच लिटरचे माप मागावे लागते.