देवासचे तुकोजीराव महाराज

माळव्याच्या सपाट मुलखात देवासची टेकडी दुरूनच नजरेत भरते. वर देवीचे ठाणे, पायथ्याशी गाव. देवी दोघांची आणि गावही दोघांचे, अशी तेथली जुनी रीत. पेशव्यांच्या फौजांबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांनी एकाच गावात दोन संस्थाने चालविली. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. राजे दोन, वाडे दोन, कचेऱ्या दोन. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी या दोन पात्यांच्या गमती पुष्कळ सांगितलेल्या असतील.

त्यांतील थोरल्या पातीचा मुलूख सुमारे साडेचारशे चौरस मैलांचा. आसपास होळकर आणि शिंदे यांची मोठाली राज्ये, जवळच भाऊबंद पवारांचे धार. एवढ्याशा मुलखावर राज्य करावयास आलेल्या तुकोजीराव पवारांची ही हकीकत आहे. (त्याच काळातले इंदूरचे तुकोजीराव होळकर निराळे.)

तुकोजीरावांचा जन्म 1888 चा. 1899 साली, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी, ते चुलत्यांच्या गादीवर आले. इंदूरचे डेली कॉलेज, अजमेरचे मेयो कॉलेज असे त्या काळच्या राजपुत्रांस साजेसे शिक्षण झाले. 1907 साली माल्कम डार्लिंग नावाचे तरुण इंग्रज सनदी अधिकारी त्यांचे शिक्षक म्हणून देवासला आले. गुरुशिष्यांचे नाते पाहता पाहता स्नेहात बदलले आणि तो स्नेह आयुष्यभर टिकला. पुढच्याच वर्षी महाराजांचे लग्न कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब यांच्याशी झाले. लहान संस्थानाला थोर घराण्याची सोयरीक लाभली. 1910 साली विक्रमसिंहरावांचा जन्म झाला. 1911 च्या सुमारास इंग्रज सरकारचा मोठा किताब मिळाला आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस महाराजा ही पदवीही आली.

माणूस बुद्धिमान, विनोदी आणि बोलका. स्नेह जोडण्याची हातोटी अशी, की एकदा भेटलेला मनुष्य त्यांना विसरत नसे. संस्थानिकांच्या परिषदांत ते हिरीरीने भाग घेत. लहान राज्याचा राजा म्हणून आपणास मागच्या रांगेत बसविले जावे, हे त्यांच्या मनाला कधीच मानवले नाही. या ईर्षेत वाईट काहीच नव्हते. राज्य लहान म्हणून राजाने मनही लहान ठेवावे, असे कोण म्हणेल?

पण स्वप्नाला खर्चाचे बंधन असते आणि महाराजांच्या हिशेबात नेमके तेवढेच राहून जाई. त्यांनी नवा राजवाडा बांधावयास घेतला. 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून सहा महिने देवासला राहिले. तेव्हा त्या राजवाड्याचे काम चालूच होते आणि आधी बांधलेला भाग एकीकडे ढासळू लागला होता. दालनांत पियानो आणून ठेवलेले होते. माळव्याच्या कोरड्या हवेने त्यांची लाकडे तडकली होती आणि सूर उमटत नव्हते. मोटारखाना, बागा, विजेचे यंत्रघर या साऱ्यांवर देखरेख करण्याचे काम फॉर्स्टरांकडे आले, आणि जागोजागी त्यांना एकच प्रकार दिसला. वस्तू उंची, पण निगा नाही. आरंभ थाटाचा, पण शेवट नाही.

त्याच वर्षीच्या श्रावणात या पाहुण्याने महाराजांचे दुसरे रूप पाहिले. गोकुळाष्टमीच्या उत्सवासाठी महाराज नवा राजवाडा सोडून जुन्या वाड्यात राहावयास गेले. कित्येक दिवस अहोरात्र भजन चालले. महाराज अनवाणी, गळ्यात टाळ, ओठांवर तुकोबांचे नाव, देवापुढे बेभान होऊन नाचत होते. गुलाल उधळला गेला, अखेरीस मातीचे गोकुळ मिरवीत नेऊन तळ्यात विसर्जित झाले. त्या दिवसांत महाराजांना किताब आठवले नाहीत, आपले राज्य लहान की मोठे हेही आठवले नाही. देवापुढे उभा असलेला तो मनुष्य पूर्ण समाधानी होता. फॉर्स्टरांसारख्या चिकित्सक आणि अश्रद्ध माणसालाही या आनंदाचा खरेपणा जाणवला. आपल्या या मित्रात संतपणाचा अंश असावा, असे ते पुढे म्हणत असत.

मग असा मनुष्य बुडाला कसा? त्याच्यापाशी समाधान नव्हते, असे म्हणता येत नाही. समाधान होते, पण ते जुन्या वाड्यात राहिले. उत्सव आटोपला की महाराज पुन्हा नव्या राजवाड्यात येत आणि कारभार पूर्वीसारखा चाले. उत्सवाचा डामडौलही दौलतीच्या पैशातूनच चाले. देवघरात जे पुरेसे वाटे, ते खतावणीपर्यंत कधी पोहोचलेच नाही.

घरातही उणेपण आले. अक्कासाहेब माहेरी कोल्हापूरला निघून गेल्या, त्या संसारात परत आल्या नाहीत. 1927 च्या डिसेंबरात युवराज विक्रमसिंहराव देवास सोडून इंदूरला इंग्रज अधिकाऱ्यांच्या आश्रयास गेले. वडिलांपासून आपल्या जिवाला धोका आहे, असा त्यांचा आरोप होता. बापलेकांतील तेढीचा बोभाटा देशभर झाला. डार्लिंग आणि फॉर्स्टर यांनी हा आरोप कधीच खरा मानला नाही, पण तेवढ्याने घर सावरले नाही. कर्ज वाढत गेले, सरकारची नजर कठोर झाली आणि चौकशीची भाषा सुरू झाली. तेव्हा, 1933 च्या सुमारास, महाराज दक्षिणेच्या यात्रेस म्हणून निघाले ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. परत येण्याविषयी सरकारने बजावले, पण ते आले नाहीत. राज्याचा कारभार सरकारने हाती घेतला. 1937 च्या डिसेंबरात तेथेच, देवासच्या टेकडीपासून शेकडो मैल दूर, त्यांचा देह पडला. वय पन्नाशीच्या आतच होते.

दैवाचे खेळ पाहा. ज्या गुरूने या राजाला राज्यकारभाराचे धडे दिले, त्या डार्लिंगांनी पुढे पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर ग्रंथ लिहिला. 1925 साली निघालेला तो ग्रंथ त्या विषयात प्रमाण मानला गेला. कर्ज माणसाला कसे खाते याचा जाणता अभ्यासक मित्र म्हणून लाभला, तरी ते शहाणपण महाराजांच्या उपयोगी पडले नाही. जो मुलगा घर सोडून गेला, तोच थोरल्या पातीच्या गादीवर आला आणि 1947 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाला. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि रस्त्याच्या दोन बाजूंचा भेदही संपला.

मोठेपणासाठी महाराजांनी जे जे उभारले, त्याची ओळख आज देवासबाहेर फारशी कोणाला नाही. मात्र 1921 च्या त्या गोकुळाष्टमीचे फॉर्स्टरांना विस्मरण झाले नाही. 1924 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग त्या उत्सवावर उभा आहे. 1953 साली त्यांनी देवासच्या आठवणींचे पुस्तकही काढले आणि नाव दिले ते टेकडीवरच्या देवीचे. ज्या मोठेपणासाठी महाराज जन्मभर झुरले, त्यातले काही जगापर्यंत पोहोचले असेल, तर ते त्या थोड्या दिवसांच्या समाधानातून पोहोचले.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्या घराघरांतली म्हण. तिचा अर्थ पाय आखडून निजावे, असा कोणी करू नये. अंथरुणाची लांबी मात्र रोज डोळ्यांनी पाहावी, एवढे ती सांगते. तुकोजीराव महाराजांपाशी मोठे मन होते आणि देवापुढे विरघळणारे चित्तही होते. या दोहोंची गाठ त्यांनी आपल्या घरात घालून दिली असती, तर साडेचारशे मैलांचे ते राज्य त्यांना पुरून उरले असते.