लंडनने पाठ फिरवली, मुंबईत रांगा लागल्या : दोराबजी टाटांनी पोलाद कारखान्यासाठी पैसा कसा उभा केला?

स्टार्टअपसाठी पैसा उभा करायचा म्हटलं की आज सीड फंडिंग, सिरीज ए, सिरीज बी असे शब्द कानावर पडतात. शब्द नवे असले तरी त्यामागचे प्रश्न जुनेच आहेत. सुरुवातीला पैसेवाला विचारतो, ही कल्पना खरी आहे का? थोडं पुढे गेलं की विचारतो, माल घेणार कोण? आणखी पुढे, आमचे पैसे परत कधी? आणि धंदा गाळात गेला की एकच प्रश्न उरतो, तुमचे स्वतःचे किती अडकलेत?

हे सगळे प्रश्न एकाच धंद्यात, वीस वर्षांच्या काळात, दोराबजी टाटांसमोर आले.

जमशेदजींचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८५९ चा, मुंबईचा. केंब्रिजला शिकले, मग मुंबईच्या सेंट झेवियर्समधून पदवी घेतली आणि वडिलांच्या धंद्यात यायच्या आधी बॉम्बे गॅझेट या वर्तमानपत्रात बातमीदारी केली. कागदावरच्या गोष्टी खऱ्या की खोट्या हे तपासायची सवय तिथे लागली असेल, तर ती पुढे उपयोगी पडली असं म्हणायला हरकत नाही.

पोलादाची कल्पना जमशेदजींची. १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. आपल्या चंद्रपूर भागात, लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. नागपुरात एम्प्रेस मिल आधीच चालू होती, त्यामुळे हा भाग टाटांच्या ओळखीचा. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामाचा निघाला नाही. शिवाय त्या वेळचे खाणकामाचे सरकारी नियम इतके जाचक होते की कुणी त्यात पैसा घालावा असं वाटू नये. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि जमशेदजींनी फाईल पुन्हा उघडली. अमेरिकेला जाऊन चार्ल्स पेज पेरीन या अभियंत्याला सल्लागार म्हणून घेतलं. पण मे १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं आणि कारखान्याचं स्वप्न दोराबजींच्या गळ्यात आलं. हातात काय होतं? ना खाण, ना जागा, ना भांडवल.

पहिला प्रश्न खनिजाचा होता. पेरीनचा सहकारी वेल्ड आणि दोराबजी चंद्रपूरच्या जंगलात फिरले. खनिज होतं, पण तुकड्यातुकड्यांत. कारखाना पन्नास वर्षं चालवायचा तर एवढ्याने भागणार नव्हतं. वेल्ड परत जायच्या गोष्टी करू लागला. अशात दोराबजी नागपुरात एका सरकारी अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला जवळच्या संग्रहालयात शिरले. तिथे भूगर्भखात्याचा नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण होती! शोध घेत माणसं दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोहोचली. खनिज अफाट होतं. पण योग्य कोळसा आणि पुरेसं पाणी जवळ नव्हतं, त्यामुळे तिथेही कारखाना जमेना. पुढे अनेक दशकांनी भिलाईचा पोलाद कारखाना याच डोंगरांच्या जिवावर उभा राहिला.

शेवटी उपयोगी पडलं ते प्रमथनाथ बोस यांचं पत्र. भूगर्भखात्यातून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात काम करणाऱ्या बोस यांनी गोरुमहिसानीच्या लोखंडी डोंगराची माहिती टाटांना कळवली होती. झरियाचा कोळसा तिथून आवाक्यात होता. आता दाखवायला काहीतरी ठोस हाताशी आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या शोधाचा खर्च टाटांनी स्वतःच्या खिशातून केला. खाण सापडायच्या आधी त्यांनी कुणाकडे हात पसरला नाही. आजच्या भाषेत याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. जमिनीत काय आहे हे माहीत नसताना दुसऱ्याचा पैसा घेतला असता, तर वेल्ड निघायची भाषा करू लागला तेव्हाच तो पैसेवालाही निघून गेला असता.

दुसरा प्रश्न, माल घेणार कोण? त्या काळी पोलादाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वे, आणि रेल्वेच्या नाड्या सरकारच्या हातात. हिंदुस्थानात रुळाच्या दर्जाचं पोलाद बनेल यावर रेल्वेच्या गोऱ्या साहेबांचा विश्वास नव्हता. एकाने तर असे रूळ बनले तर आपण ते खाऊन दाखवू, अशी थट्टा केल्याचं सांगतात. तरीही टाटांनी सरकारकडून आश्वासन मिळवलं की दर्जा ठरल्याप्रमाणे असेल आणि भाव आयात मालापेक्षा जास्त नसेल, तर सरकार दहा वर्षं दरवर्षी २०,००० टन रूळ घेईल. कारखान्याची एक वीटही रचलेली नसताना गिऱ्हाईक तयार होतं.

एवढी तयारी करून मंडळी लंडनला गेली. पेरीन होता, टाटांचे विश्वासू बुर्जोरजी पादशाह होते. १९०६ आणि १९०७ चा बराच काळ या बोलण्यांत गेला. खनिजाचे अहवाल होते, कोळशाचे होते, खर्चाचा अंदाज होता, सरकारचं आश्वासन होतं. पण लंडनच्या बाजारात तेव्हा पैशाची चणचण होती, आणि जे पैसा द्यायला तयार होते त्यांना कारखान्यावर ताबा हवा होता. म्हणजे अडचण कागदपत्रांची नव्हतीच. उत्तरं बरोबर होती, पण ती ज्यांच्यासमोर मांडली ती माणसं चुकीची होती.

तोवर इकडे वारं बदललं होतं. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट उसळली होती. टाटांनी ठरवलं, आपल्याच लोकांकडे पैसा मागायचा. ऑगस्ट १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि मुंबईत माहितीपत्रक निघालं. लंडनच्या सावकाराला पटवण्यासाठी जमवलेले तेच अहवाल आता गिरगावातल्या, फोर्टातल्या माणसासमोर आले.

शेअरची रचना बघण्यासारखी आहे. १५० रुपयांचे प्रेफरन्स शेअर, ज्यांना ठरलेला लाभांश आधी मिळणार. ७५ रुपयांचे साधारण शेअर. आणि ३० रुपयांचे डिफर्ड शेअर, ज्यांचा नफ्यातला वाटा सगळ्यांच्या नंतर. ज्याला सुरक्षितता हवी त्याला एक, ज्याला जोखीम घ्यायची त्याला दुसरा. विधवेचे साठवलेले पैसे आणि व्यापाऱ्याचा डाव एकाच पारड्यात तोलले नाहीत. एकूण भांडवल ठरलं २,३१,७५,००० रुपये.

टाटांच्या कचेरीबाहेर सकाळपासून रात्री उशिरापर्यंत गर्दी लोटली. तीन आठवड्यांत सगळी रक्कम उभी राहिली, ती सुमारे ८,००० भारतीयांकडून. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, तर ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी एकट्याने घेतले.

साकचीच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि १६ फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद निघालं. पहिल्या महायुद्धात याच कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियात गेले. १९१९ मध्ये साकचीचं जमशेदपूर झालं.

दरम्यान दोराबजींनी खोपोलीला वीजनिर्मितीही उभी केली. त्याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणात मात्र गोष्ट बिघडली. तिथे भांडवलदारांच्या प्रश्नांना उत्तरं तयार होती, पण ज्यांची भातशेती बुडणार होती त्या मावळच्या शेतकऱ्यांना काय हवं हे कुणी विचारलं नव्हतं. १९२१ मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह उभा राहिला. धरण झालं, पण तो डाग पुसला गेला नाही.

खरी परीक्षा युद्धानंतर आली. युद्धातल्या मागणीच्या भरवशावर टाटांनी कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला होता. यंत्रांचे भाव चढले, संप झाले, परदेशातलं पोलाद बाजारात स्वस्तात येऊन पडू लागलं. आता प्रश्न विचारायला सरकारचं टॅरिफ बोर्ड बसलं. एक टन पोलादाला किती खर्च येतो, परदेशी मालापेक्षा तो जास्त का, संरक्षण दिलं तर किती वर्षांत पायावर उभे राहाल, अशी सगळी चौकशी झाली. हिशोब मांडावे लागले आणि १९२४ मध्ये पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला.

पण कायद्याचा फायदा हळूहळू मिळतो, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. त्याच वर्षी अशी वेळ आली की जमशेदपूरच्या कामगारांना द्यायला पैसे नव्हते. दोराबजींनी आपली सुमारे १ कोटीची खासगी मालमत्ता इम्पिरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात पत्नी मेहेरबाईंचे दागिने होते, आणि २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असा ज्युबिली हिराही होता. बँकेने कर्ज दिलं, पगार झाले. भागधारकांना मात्र लाभांशासाठी पुढे बरीच वर्षं वाट बघावी लागली.

मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी १९३२ च्या मार्चमध्ये आपली जवळजवळ सगळी संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली आणि जूनमध्ये जर्मनीतच त्यांचं निधन झालं. बँकेकडून सुटलेला हिरा नंतर विकला गेला आणि तो पैसा ट्रस्टकडे आला. त्याच ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं.