कुलाब्याचा रायगड करणारा मुख्यमंत्री

पेण आणि रोहा ही गावे १९८० अखेरपर्यंत कुलाबा जिल्ह्यात होती. अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून पडलेले हे नाव १ जानेवारी १९८१ रोजी बदलले आणि शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले. हा निर्णय घेणारे मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले याच मातीतले. सावित्रीच्या खाडीकाठच्या आंबेत गावी ९ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांचा जन्म झाला.

मुंबईत शिक्षण घेऊन ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. १९६२ मध्ये ते विधानसभेत पोहोचले, पुढे राज्यात मंत्री झाले आणि १९७६ मध्ये राज्यसभेवर गेले. त्यांच्या कारकिर्दीला खरी कलाटणी मिळाली ती काँग्रेसच्या पडत्या काळात. १९७७ च्या पराभवानंतर राज्यातील मातब्बर नेते इंदिरा गांधींपासून दूर होत असताना अंतुले त्यांच्यासोबत राहिले. पक्षाचे सरचिटणीस म्हणून दिल्लीत त्यांचे वजन वाढले.

या निष्ठेचे फळ १९८० मध्ये पदरी पडले. इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या आणि ९ जून रोजी अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मराठा नेतृत्वाचा वरचष्मा असलेल्या राज्यात कोकणातील एक मुसलमान नेता सर्वोच्च पदी बसला. मात्र ही निवड दिल्लीची होती. साखर कारखाने व सहकारी बँकांच्या बळावर उभा राहिलेला आमदारांचा गट त्यांच्या पाठीशी नव्हता.

त्यांच्या कारभारास विलक्षण वेग होता. फायली रेंगाळत ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. निराधारांना दरमहा अनुदान देणारी संजय गांधी यांच्या नावाची योजना त्यांनीच सुरू केली. ती आजही चालू आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग व जालना हे नवे जिल्हे अस्तित्वात आले. ब्रिटनमधून भवानी तलवार परत आणण्याची घोषणाही त्यांनी केली. तलवार आली नाही, घोषणेची चर्चा मात्र पुष्कळ झाली.

याच वेगाने त्यांचा घातही केला. त्या काळी सिमेंट नियंत्रित दराने, सरकारी वाटपातून मिळे. इंदिरा गांधींच्या नावे काढलेल्या प्रतिभा प्रतिष्ठानास देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंटचा जादा कोटा मिळाल्याचे प्रकरण ऑगस्ट १९८१ अखेर अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून उघडकीस आणले. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी अंतुले यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि त्यांना पद सोडावे लागले. खटल्याचे कवित्व सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. त्यातील १९८८ चा सात न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात.

जपानचे काकुएइ तानाका १९७४ मध्ये पंतप्रधानपदावरून गेले आणि १९७६ मध्ये लॉकहीड लाच प्रकरणात अटकेतही पडले. तरीही पक्षातील सर्वांत मोठा गट हाताशी असल्याने पुढचे पंतप्रधान कोण, हे ठरवण्यात त्यांचाच शब्द निर्णायक राहिला. अंतुले यांच्या हाती असा गट नव्हता. दिल्लीने दिलेली सत्ता दिल्लीनेच काढून घेतली आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. उरला तो आपला जिल्हा.

तोही सोपा नव्हता. पेण-अलिबागचा पट्टा शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या लाटेतही येथून शेकापचे दि. बा. पाटील लोकसभेवर गेले होते. त्याच मतदारसंघातून अंतुले १९८९, १९९१ आणि १९९६ असे तीनदा विजयी झाले. नरसिंह राव मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री होते. २००४ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि २००६ पासून अल्पसंख्याक व्यवहार खात्याचे मंत्री राहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात शहीद झालेल्या हेमंत करकरे यांच्या मृत्यूबाबत संशय व्यक्त करून त्यांनी स्वपक्षालाही अडचणीत आणले. २००९ मध्ये शिवसेनेचे अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

२ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.