मातांकडून रोगाचे नाव शिकलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सुकटी आणि सुजवटी ही दोन नावे आपल्यापैकी अनेकांनी पाठ केली असतील. दोन्ही व्याधी बालकांच्या कुपोषणाच्या. सुकटीत मूल वाळत जाते, सुजवटीत ते सुजत जाते. सुजलेले मूल दुरून पाहणाऱ्याला बाळसेदार वाटावे आणि प्रत्यक्षात ते मृत्यूच्या दारी पोहोचलेले असावे, अशी ही दुसरी व्याधी फसवी आहे. वैद्यकशास्त्रात तिला क्वाशिओरकोर म्हणतात. रोगांची बहुतेक शास्त्रीय नावे ग्रीक वा लॅटिन भाषेतून आली. हे नाव मात्र पश्चिम आफ्रिकेतील गा भाषेतून, तेथील साध्यासुध्या मातांच्या तोंडून आले. ते जगापुढे ठेवणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांचा हा अल्पपरिचय.

जन्म आणि शिक्षण

सिसिली डेल्फिन विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी जमैका बेटावर झाला. त्यांचे ब्रिटिश घराणे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले होते. तेराव्या वर्षी त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. पुढे ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल महाविद्यालयात त्यांना प्रवेशही मिळाला; परंतु घरी आईवडिलांना त्यांची गरज होती, म्हणून तो प्रवेश बाजूला ठेवून त्या जमैकाला परतल्या. १९१६ साली वडिलांचे निधन झाले. त्यानंतर त्या पुन्हा इंग्लंडला आल्या. पहिल्या महायुद्धामुळे पुरुष विद्यार्थ्यांची संख्या रोडावली होती, त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचे दार स्त्रियांसाठी थोडेसे किलकिले झाले होते. त्या संधीचा लाभ घेऊन १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या.

लंडनच्या बालरुग्णालयात काम करताना एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. मूल ज्या घरातून येते ते घर ठाऊक असल्याशिवाय त्या मुलाला खऱ्या अर्थाने बरे करता येत नाही. हा विचार पुढे आयुष्यभर त्यांची सोबत करीत राहिला. उष्ण कटिबंधातील रोगांचे शिक्षण घेऊन त्यांनी ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत प्रवेश केला आणि १९२९ साली त्यांची नेमणूक गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात झाली. हुद्दा होता महिला वैद्यकीय अधिकाऱ्याचा. वेतन पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी.

आक्रा येथील बालके

राजधानी आक्रा येथील प्रिन्सेस मेरी लुईस रुग्णालयात त्यांच्यापुढे रोज मातांची रांग लागे. औषधे अपुरी, परिचारिका मोजक्या आणि प्रतिजैविके अद्याप अस्तित्वातच नव्हती. अशा परिस्थितीत त्यांनी प्रत्येक मुलाची नोंदपत्रिका ठेवण्यास आरंभ केला, परिचारिकांना घरोघरी भेटी देण्यास शिकवले आणि निरोगी बालकांच्या तपासणीसाठीही दवाखाना सुरू केला.

या रांगेत एक विशिष्ट प्रकारचे मूल त्यांना पुन:पुन्हा दिसू लागले. वय साधारण एक ते चार वर्षे. हातपाय सुजलेले, पोट पुढे आलेले, केस तांबूस व विरळ, अंगावर काळसर डाग आणि तेथून सोलून निघणारी कातडी. मूल सतत किरकिर करी व अन्नाला तोंड लावत नसे. बहुधा थोड्याच दिवसांत ते दगावे. डॉक्टर मंडळी या आजाराला पेलाग्रा समजत. पेलाग्रा हा मका हेच मुख्य अन्न असलेल्या लोकांत आढळणारा, जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग होता. तथापि विल्यम्स यांना हे निदान पटेना. पेलाग्राचे चट्टे प्रामुख्याने ऊन लागणाऱ्या त्वचेवर उठतात. या मुलांचे डाग झाकलेल्या अंगावरही होते.

मरण पावलेल्या बालकांची शवचिकित्सा त्या स्वत: करीत. यकृतात साचलेली चरबी त्यांनी तेथेच पाहिली. एकदा अशी चिकित्सा करताना त्यांच्या हाताला जखम झाली, विष रक्तात भिनले आणि त्या स्वत: मरणाच्या दारातून परत आल्या.

एका शब्दातील निदान

निर्णायक पाऊल मात्र शवचिकित्सेच्या टेबलाशी पडले नाही. त्यांनी मातांना विचारले की या आजाराला तुम्ही काय म्हणता. उत्तर मिळाले, क्वाशिओरकोर. पाठचे भावंड पोटात येते, तेव्हा आईच्या मांडीवरून जे मूल खाली उतरवले जाते त्याला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय.

या एका शब्दात रोगाचा सारा इतिहास सामावलेला होता. आईला पुन्हा दिवस गेले की थोरल्या मुलाचे अंगावरचे दूध तुटे. त्याच्या वाट्याला मग मक्याच्या आंबवलेल्या पिठाची पेज तेवढी येई. तीत पोट भरे, पण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने नसत. पिढ्यान्‌पिढ्या मुले गमावणाऱ्या स्त्रियांनी हे कारण ओळखून त्याला नावही दिले होते. सुशिक्षित डॉक्टरांनी ते त्यांना कधी विचारले नव्हते, इतकेच.

१९३३ साली विल्यम्स यांनी बालरोगांना वाहिलेल्या एका ब्रिटिश नियतकालिकात या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ साली लॅन्सेट या विख्यात नियतकालिकातील लेखात त्यांनी मातांचा तो गा शब्दच रोगाचे नाव म्हणून वापरला. पण तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. हा पेलाग्राच आहे, असा आग्रह अनेक वर्षे चालू राहिला आणि चुकीच्या निदानापायी बालके मरत राहिली. वरिष्ठांशीही त्यांचे मतभेद विकोपाला गेले. १९३६ साली त्यांची बदली मलायात करण्यात आली.

दूध आणि तुरुंग

मलाया व सिंगापूर येथे त्यांना नवेच संकट दिसले. गोड घट्ट दुधाचे डबे विकणाऱ्या कंपन्या परिचारिकांसारखा पोशाख केलेल्या स्त्रिया बाळंतिणींकडे पाठवीत. अंगावरचे दूध सोडून हे डब्यातील दूध पाजणे श्रेयस्कर, असे त्या स्त्रिया सांगत. गरीब माता तसे करीत आणि बालके अपोषणाने व जुलाबाने दगावत. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये विल्यम्स यांनी भाषण दिले. त्याचे शीर्षक होते दूध आणि हत्या. अशा अपप्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना हत्याच म्हटले पाहिजे, असे त्यांनी प्रतिष्ठितांच्या त्या सभेत निर्भीडपणे मांडले.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेले. विल्यम्स यांना चांगी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथील स्त्रियांनी त्यांना आपले नेतृत्व दिले. पुढे जपानी लष्करी पोलिसांनी त्यांना चौकशीसाठी नेले आणि कित्येक महिने पिंजऱ्यासारख्या कोठडीत, मरणासन्न कैद्यांच्या सोबतीने डांबून ठेवले. उपासमार व छळ त्यांनी सोसला. ज्या कुपोषणावर त्यांनी लिहिले होते ते आता त्यांच्याच शरीरात शिरले. बेरीबेरीने त्यांच्या पायांना कायमची इजा केली. परंतु त्या छावणीतील एक नोंद त्या पुढे अभिमानाने सांगत असत. तेथे जन्मलेल्या २० बालकांना मातांनी अंगावर पाजले आणि ती वीसही बालके जगली.

उशिरा मिळालेला मान

१९४८ साली त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या माता व बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी प्रा. ब्रॉक आणि डॉ. ऑत्रे या दोन तज्ज्ञांना आफ्रिकेतील दहा देशांत पाहणीसाठी पाठवण्यात आले. १९५२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. क्वाशिओरकोर हा पोषणाचा अत्यंत गंभीर व सर्वदूर पसरलेला विकार असल्याचे त्यात मान्य झाले. विल्यम्स यांच्या पहिल्या लेखानंतर १९ वर्षे लोटली होती.

पुढेही त्या अनेक देशांत शिकवीत व काम करीत राहिल्या. रोग झाल्यावर उपचार करणारे एक खाते आणि रोग होऊ नये म्हणून झटणारे दुसरे, ही विभागणी त्यांना अमान्य होती. ज्या परिचारिकेने मुलाला औषध दिले, तिनेच त्याच्या घरी जाऊन चूल व ताट पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीवर निर्बंध घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्ड येथे वयाच्या ९८व्या वर्षी विल्यम्स यांनी जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या संसदेनेही बालकांसाठीच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला.

अपूर्ण राहिलेले संशोधन

क्वाशिओरकोरचे कोडे अजून पूर्णपणे सुटलेले नाही. केवळ प्रथिनांची उणीव हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे पुढील संशोधनाने दाखवले. मलावी देशात जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्यांचा अभ्यास झाला. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार होई आणि दुसऱ्याला होत नसे, असे तेथे आढळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने आतड्यांतील सूक्ष्मजीवांचाही त्यात वाटा असल्याचे सुचवले. त्याच वर्षी मलावीतील दुसऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात २,७६७ तीव्र कुपोषित बालकांचा समावेश होता. नेहमीच्या पोषक आहारासोबत अमोक्सिसिलिन हे साधे प्रतिजैविक दिलेल्या बालकांत मृत्यूचे प्रमाण ४.८ टक्के होते. ते न दिलेल्यांत ७.४ टक्के.

उपचारांची पद्धतही अनुभवातून घडत गेली. अशा मुलाला एकदम भरपूर अन्न किंवा शिरेतून भराभर द्रव देणे त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आरंभी ऊब, साखर, जंतुसंसर्गावर औषध व थोडेथोडे पातळ दूध, आणि भूक परतल्यावरच पोटभर आहार, असा क्रम जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली घालून दिला. शेंगदाणे, दुधाची भुकटी, तेल व साखर यांपासून बनवलेला पोषक लगदा आल्यावर २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आणखी एक गोष्ट मान्य केली. इतर गुंतागुंत नसलेल्या मुलावर त्याच्या घरीच, आईच्या हातून उपचार होऊ शकतात. रुग्णालयाचे काम घराच्या उंबरठ्यापर्यंत नेण्याचा विल्यम्स यांचा आग्रह अखेर शास्त्राने स्वीकारला, असेच म्हणावे लागेल.

डॉ. सिसिली विल्यम्स यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी मातांपुढे एक साधा प्रश्न ठेवला आणि निरक्षर स्त्रियांचे उत्तर तज्ज्ञांच्या मताइतकेच गांभीर्याने घेतले. आपल्या घरातही पाठचे भावंड आले की थोरल्या मुलाकडे सर्वांचे लक्ष कमी होते. त्या मुलाच्या ताटात काय पडते आहे, त्याची भूक मंदावली आहे का, पाय सुजले आहेत का, हे पाहण्यास डॉक्टरची पदवी लागत नाही. आणि एखादी आई मुलाचे काही बिनसले आहे असे सांगते, तेव्हा तिचे बोलणे अर्ध्यावर न तोडता ऐकून घेण्याचे भान आपण ठेवले, तर या थोर स्त्रीचे जीवनकार्य आपल्या हातून थोडेसे पुढे जाईल.