धम्मप्रवासी ह्युएनत्संग आणि मनाच्या मर्यादा

विहारात प्रवचन संपलं की बाहेर चपला घालता घालता चर्चा सुरू होते. शेजारी शेजारी बसून, एकाच भंतेजींच्या तोंडून ऐकलेलं. पण घरी जाताना एकाच्या मनात एक अर्थ, दुसऱ्याच्या मनात दुसरा. कधी कधी यावरून दोन घरांत अबोलाही होतो. खोटं तर कुणीच बोलत नसतं. मग खरं काय? चौदाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नापायी चीन देशातील एक तरुण भिक्खू वाळवंट व बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला. त्या थोर ह्युएनत्संग यांचे चरित्र वर्धापनदिनाच्या निमित्ताने आपल्या उपासक-उपासिकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

ह्युएनत्संग यांचा जन्म इ. स. ६०२ च्या सुमारास लोयांग नगराजवळ झाला. घराणे विद्वानांचे. थोरला भाऊ भिक्खू झाला होता, त्याच्यामागोमाग हेही लहान वयातच विहारात दाखल झाले. पुढे सुई राजवट कोसळली, देशात अंदाधुंदी माजली. दोघे भाऊ चेंगडूला गेले. तेथेच ६२२ मध्ये ह्युएनत्संग यांची उपसंपदा झाली.

त्यांनी एकामागून एक गुरू केले, पण मन निवेना. प्रत्येक आचार्याचा अर्थ निराळा. ग्रंथ पाहावेत, तर तेही वेगवेगळ्या हातांनी भाषांतरित झालेले, एकाचा मेळ दुसऱ्याशी बसत नव्हता. शेवटी त्यांनी ठरवले की जेथून धम्म आला तेथेच जाऊन मूळ ग्रंथ वाचायचे. बादशहाची परवानगी नव्हती. तरीही ६२९ च्या सुमारास ते निघाले. वाळवंटात त्यांच्या हातून पाण्याची पखाल सांडली आणि चार रात्री व पाच दिवस थेंबभर पाणी मिळाले नाही, असे त्यांच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे.

काश्मीरमध्ये सुमारे दोन वर्षे अभ्यास करून, पुढे वाटेत जागोजागी शिकत ते नालंदेला पोहोचले. तेथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्र यांनी त्यांना योगाचार मताचे ग्रंथ शिकवले. हे मत समजायला अवघड, पण सोप्या शब्दांत सांगायचं तर असं : आपण जग जसं आहे तसं पाहत नाही, आपल्या मनात उमटतं तसं पाहतो. नदीचं पाणी माणसाला पाणी दिसतं, माशाला ते घर असतं. झोपेतला वाघ खरा नसतो, पण घाम मात्र खरा फुटतो. मागच्या कर्माचे व सवयींचे ठसे मनात साठलेले असतात आणि त्यांच्याच रंगात आपण जग रंगवतो.

आता गंमत पाहा. मतभेद मिटवायला हे महाशय एवढ्या लांब आले, तर नालंदेतही मतभेद होतेच! सिंहरश्मी नावाचे आचार्य माध्यमिक मत शिकवीत व योगाचार मताचे खंडन करीत. ह्युएनत्संग यांनी दोन्ही मतांत मूळ विरोध नाही हे दाखवणारा तीन हजार श्लोकांचा ग्रंथ लिहिला. तो आज उपलब्ध नाही.

६४१ च्या सुमारास ते आपल्या महाराष्ट्रातही आले. राजा दुसरा पुलकेशी याच्या काळातील येथील लोक स्वाभिमानी, उपकाराची जाण ठेवणारे व अपमानाचा सूड घेणारे, असे त्यांनी नोंदवले. आपण स्वतःला कसे पाहतो आणि परका आपल्याला कसे पाहतो, हे ताडून बघण्यासारखे आहे.

पुढे सम्राट हर्षाने कनोजला मोठी सभा भरवली. ह्युएनत्संग यांनी आपले मत मांडले आणि अठरा दिवस कुणीही त्याचे खंडन केले नाही. चरित्रात हा विजय म्हणून सांगितला आहे. पण त्याच चरित्रात हेही आहे, की भिक्खूला इजा करणाऱ्याचे डोके व निंदा करणाऱ्याची जीभ छाटली जाईल, अशी दवंडी राजाने पिटवली होती. मग ती शांतता पटल्याची होती की भीतीची? आम्हांस वाटते, गप्प बसणे म्हणजे पटणे नव्हे.

६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतले. सिंधू नदी ओलांडताना काही पोथ्या वाहून गेल्या होत्या. पुढे त्यांनी भारतातील स्नेही भिक्खूंना पत्र धाडून त्या पुन्हा मागवल्या. बादशहाने दरबारी पद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. उरलेली एकोणीस वर्षे भाषांतरात गेली : ७५ ग्रंथ, १३३५ खंड.

या कामात शब्दांची मर्यादा त्यांना कळली. काही शब्दांचे भाषांतर करायचेच नाही, असे पाच नियम परंपरा त्यांच्या नावे सांगते. जंबू, म्हणजे आपलं जांभूळ, चीनमध्ये नव्हतं, म्हणून शब्द तसाच ठेवायचा. भगवान या शब्दात अनेक अर्थ, म्हणून तोही तसाच. प्रज्ञेला नुसतं शहाणपण म्हटलं तर तिचा मान उतरतो, म्हणून प्रज्ञा ही प्रज्ञाच.

६५९ मध्ये वसुबंधूंच्या ग्रंथावरील दहा टीकाकारांची मते त्यांनी एकाच ग्रंथात गुंफली. दहा जण, एकच मूळ, तरी अर्थ वेगळे! ६६१ मध्ये त्यांनी वसुबंधूंच्याच विंशतिकेचे भाषांतर केले. तिच्या अखेरीस सांगितले आहे की दुसऱ्याचं मन आपल्याला जसंच्या तसं कळत नाही आणि आपलं स्वतःचंही नाही. ते पूर्णपणे जाणणे हा फक्त बुद्धाचा विषय.

६६४ मध्ये ह्युएनत्संग यांचे निधन झाले. काही पिढ्यांतच त्यांचा पंथ चीनमध्ये मागे पडला. मतभेद कायमचे मिटवण्याचे स्वप्न पुरे झाले नाही. पण त्यांनी ना कुणाला खोटे ठरवून टाकले, ना सगळंच ज्याच्या त्याच्या मनाचं म्हणून हात झटकले. दुसऱ्याची भाषा शिकले, मूळ तपासले आणि जे नेता येत नाही ते तसेच ठेवले.

तेव्हा पुढच्या वेळी प्रवचनानंतर वाद झाला, तर आपण निदान एवढं करू : अबोला धरण्याआधी समोरच्यानं नेमकं काय ऐकलं, ते त्यालाच विचारू. आपल्या कानांत पडलं तेवढंच पुरं नव्हे, हे ज्याला कळलं तो ह्युएनत्संग यांच्या वाटेवर चार पावलं चालला, असे आम्ही मानतो.

सर्वांचे मंगल होवो.