लहान फौजेचा सेनापती : मॅनरहाइम

१९३९ च्या डिसेंबरात फिनलंड या देशाचे नाव जगातल्या बहुतेक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. त्याआधी बाहेरच्यांना तो देश माहीत होता तो धावपटू पाव्हो नुर्मीमुळे, संगीतकार सिबेलियसमुळे आणि अमेरिकेचे कर्ज नेमाने फेडणारा देश म्हणून. त्याला सैन्य आहे आणि ते लढू शकते, हे फारसे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे दोन महिन्यांत मत इतके पालटले की या सैन्याला अशक्य असे काहीच नाही, असे लोक मानू लागले. ही दोन्ही मते मला सारखीच चुकीची वाटतात. ती चुकीची आहेत हे ज्याला त्या वेळी पुरते ठाऊक होते, तो त्या सैन्याचा सरसेनापतीच होता. कार्ल गुस्टाफ एमिल मॅनरहाइम हे त्याचे नाव. महायुद्धाच्या आपल्याकडील पुस्तकांत त्याचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकलेला असतो, म्हणून त्याचे चरित्र जरा विस्ताराने सांगावेसे वाटले.

त्याचा जन्म ४ जून १८६७ रोजी लोउहिसारी येथील वाड्यात झाला. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या छत्राखाली होते. घराणे सरदारी, मातृभाषा स्वीडिश. पण सरदारी नावापुरतीच उरली. वडिलांचे दिवाळे निघाले, ते घरदार सोडून पॅरिसला निघून गेले आणि पुढल्याच वर्षी आई वारली. मुलगा नातेवाइकांच्या आश्रयाने वाढला आणि वाढला तोही व्रात्य. हामिना येथील लष्करी शाळेतून परवानगीवाचून रात्री बाहेर पडल्याबद्दल १८८६ साली त्याला काढून टाकण्यात आले. फिनलंडच्या सैन्याची दारे अशी बंद झाल्यावर तो सेंट पीटर्सबर्गच्या घोडदळ विद्यालयात गेला आणि पुढली तीस वर्षे रशियाच्या झारची चाकरी केली. फिनिश जनतेच्या या पुढच्या सेनापतीला फिनिश भाषा उतारवयापर्यंत धड बोलता येत नव्हती. भाषेवरून माणसाचे देशप्रेम मोजणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

रशियन सैन्यातील त्याची कारकीर्द एखाद्या कादंबरीला शोभेल अशी आहे. उंचापुरा, देखणा असल्यामुळे झारिणीच्या खास घोडदळात त्याची नेमणूक झाली. १८९६ साली दुसऱ्या निकोलसच्या राज्यारोहणाच्या मिरवणुकीत तो झारच्या निकट चालत होता. जपानशी युद्ध पेटले तेव्हा आपण होऊन तो मांचुरियात गेला आणि १९०५ साली मुकदेनचा पराभव त्याने डोळ्यांनी पाहिला. १९०६ ते १९०८ या काळात मध्य आशियातून काशगरमार्गे पेकिंगपर्यंत त्याने मुख्यतः घोड्यावरून प्रवास केला. वरवर हा प्रवास संशोधकाचा, पण आतून रशियन सेनापतींसाठी हेरगिरीचा होता. वाटेत वुताई पर्वतावर तेरावे दलाई लामा यांची भेट झाली तेव्हा भेट म्हणून त्याने त्यांना आपले पिस्तूल दिले! धर्मगुरूला पिस्तूल देणारा माणूस विक्षिप्त खरा, परंतु तिबेटचे दिवस कसे येणार आहेत हे त्याला बरे कळले होते, असेही म्हणता येईल. पहिल्या महायुद्धात तो लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला. या साऱ्यातून एक गोष्ट त्याच्या पदरी पडली, ती म्हणजे रशियन सैन्याची आतून ओळख. ते सैन्य कोठे गोंधळते हे त्याला माहीत होते, आणि एका हाराकिरीने ते संपत नाही हेही माहीत होते.

१९१७ साली झारशाही कोसळली आणि ६ डिसेंबरला फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केले. लगोलग यादवी सुरू झाली. एका बाजूला कामगारांचे लाल दल, दुसऱ्या बाजूला सरकारचे पांढरे सैन्य. या पांढऱ्या सैन्याचे नेतृत्व मॅनरहाइमकडे आले. सैन्य म्हणजे शेतकऱ्यांची मुले, काही जुने अधिकारी आणि जर्मनीत शिकून आलेली तरुण पलटण. एप्रिल १९१८ मध्ये टॅम्पेरे शहर त्याने घेतले, जर्मन फौजेने हेलसिंकी घेतले आणि मे महिन्यात युद्ध संपले. पण त्यानंतर जे झाले ते झाकून ठेवण्यासारखे नाही. पकडलेल्या लाल सैनिकांच्या छावण्यांत उपासमारीने व रोगराईने बारा हजारांहून अधिक माणसे मेली. सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही, तरी कामगारवस्तीत पुढे कित्येक वर्षे त्याचे नाव खाटिक म्हणूनच घेतले जाई. काही महिने तो देशाचा प्रभारी प्रमुख होता. १९१९ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो हरला आणि बाजूला झाला. मग बालकल्याणाची संस्था, प्रवास, शिकार. १९३७ साली वाघाच्या शिकारीसाठी तो हिंदुस्थानातही येऊन गेला. हेलसिंकीतील त्याच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे वाघाचे कातडे आहे आणि जिच्यावर तो शेवटपर्यंत झोपे ती साधी लष्करी खाटही आहे.

१९३१ मध्ये त्याला संरक्षण मंडळाचे अध्यक्ष करण्यात आले. येथून पुढची आठ वर्षे म्हणजे सरकारपुढे हात पसरण्याची वर्षे. रणगाडे आणि रणगाडाविरोधी तोफा जवळजवळ नाहीत, विमाने थोडी. दर अंदाजपत्रकाच्या वेळी तो मागणी करी आणि दर वेळी तिला कात्री लागे. परिणाम असा की १९३९ च्या शरदात राखीव सैनिकांना बोलावले तेव्हा पुष्कळांना गणवेशच मिळाला नाही. घरच्याच कपड्यांवर एक पट्टा आणि टोपीला बिल्ला. फिनिश लोकांनी या पोशाखाला पंतप्रधान कायान्देर यांचे नाव दिले. त्या राष्ट्राला विनोदाचे अंग आहे हे यावरून दिसते.

त्याच शरदात मॉस्कोने मागण्या पुढे केल्या. लेनिनग्राडपासून सरहद्द अवघी तीसएक किलोमीटरवर होती. ती मागे घ्या, काही बेटे द्या, हांको बंदर भाड्याने द्या, असे या मागण्यांचे स्वरूप होते. फिनिश सरकार आणि लोकमत ताठ राहिले. स्टालिन खरोखर युद्ध करणार नाही, आणि केलेच तर आपण निभावून नेऊ, असा पुष्कळांचा समज होता. मॅनरहाइमचा सल्ला उलट होता. काही भाग द्यावा, सौदा करावा, कारण हे सैन्य लढाईस तयार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. म्हातारा घाबरला, असे काहींना वाटले. शेवटी कंटाळून त्याने नोव्हेंबरच्या अखेरीस राजीनामा दिला. ३० नोव्हेंबरला हेलसिंकीवर बाँब पडले. त्याच दिवशी राजीनामा मागे घेऊन बहात्तर वर्षांचा हा गृहस्थ सरसेनापती झाला.

फिनलंडची वस्ती सदतीस लाख, सोव्हिएत संघाची सतरा कोटींच्या आसपास. मॉस्कोला वाटत होते की काही दिवसांचेच काम आहे. १ डिसेंबरला कुसिनेन या फिनिश साम्यवाद्याच्या नावाने एक सरकारही तयार करण्यात आले. कामगार या सरकारच्या स्वागताला धावतील अशी अपेक्षा होती. ते धावले नाहीत. ज्यांचे बाप १९१८ मध्ये मॅनरहाइमविरुद्ध लढले, ती मुले त्याच्याच हुकुमाखाली खंदकात उभी राहिली. माझ्या मते या युद्धातील सर्वांत मोठी घटना हीच, आणि नकाशावर ती दाखवता येत नाही.

१२ डिसेंबरला तोल्वायार्वी येथे पहिला ठळक विजय मिळाला. मग सुओमुस्सल्मी. तेथे जंगलातून जाणाऱ्या एकाच रस्त्यावर सोव्हिएत डिव्हिजन लांबच लांब पसरली होती. बाजूला कंबरभर बर्फ, वर हाडे गोठवणारी थंडी. पांढरे अंगरखे घातलेले फिनिश सैनिक स्कीवरून झाडीतून येत, रांगेचे तुकडे पाडत आणि प्रत्येक तुकडा वेगळा कोंडून त्याची रसद तोडत. अशा कोंडलेल्या तुकडीला ते मोत्ती म्हणत. मोत्ती म्हणजे मोजून रचून ठेवलेला सरपणाचा ढीग. नंतर सवडीने फोडायचा! आपल्याला साहजिकच गनिमी काव्याची आठवण होते. अडचणीची जागा, हलकी फौज, शत्रूची रसद हे साम्य खरेच आहे. पण ही लढाई उत्तरेकडच्या जंगलातली. देशाचे भवितव्य ठरणार होते ते दक्षिणेकडे, कारेलियन संयोगभूमीवर. तेथे आडोशाला जाऊन निसटण्याची सोय नव्हती, ठाण मांडून तोफांचा मारा सोसणे एवढेच होते.

जगाने मात्र जंगलातलीच लढाई पाहिली. हेलसिंकीच्या केंप हॉटेलात परदेशी वार्ताहरांची गर्दी उसळली होती. संयोगभूमीवरील खंदकांत त्यांना सहसा जाऊ देत नसत. सुओमुस्सल्मीची रणभूमी मात्र त्यांना पाहता आली. व्हर्जिनिया काउल्ससारख्या वार्ताहरांनी तेथील गोठलेली प्रेते, उलटलेल्या गाड्या, सोडून दिलेले रणगाडे यांची वर्णने पाठवली. पॅरिस-लंडनच्या वाचकांना एक चिमुकला वीर आणि एक मातीच्या पायांचा राक्षस दिसू लागला. संयोगभूमीवरील खंदक आणि थोड्याबहुत काँक्रीटच्या ठाण्यांना मॅनरहाइमचे नाव चिकटले आणि ती जणू फ्रान्सच्या मॅजिनो तटबंदीची बहीण आहे असा बोभाटा झाला. या बोभाट्याला मॉस्कोनेही हातभार लावला. तट अभेद्य ठरला की आपल्या विलंबाला सबब मिळते! जानेवारी १९४० मध्ये चर्चिलने नभोवाणीवरून फिनिश शौर्य वाखाणले आणि लाल सैन्याची दुबळी बाजू उघडी पडल्याचे जगाला सांगितले.

मिकेलीच्या ठाण्यात बसलेला मॅनरहाइम तोफगोळे मोजत होता. युद्ध सुरू झाले तेव्हा साधारण तीन आठवडे पुरतील इतकेच गोळे होते. त्यामुळे शत्रूच्या शंभर गोळ्यांना मोजूनमापून उत्तर द्यावे लागे. जंगलातल्या विजयांत हाती आलेल्या तोफा व दारूगोळा हेच एक मोठे शस्त्रागार झाले. फेब्रुवारीत सोव्हिएत सैन्य सावरून, नव्या सेनापतीच्या हाताखाली आले आणि ११ फेब्रुवारीला सुम्मा येथे फळी फुटली. बदली द्यायला माणसे उरली नव्हती. ब्रिटन आणि फ्रान्स मदतीचे आश्वासन देत होते, पण त्यांचे अर्धे लक्ष स्वीडनच्या लोखंडी खाणींवर होते, आणि फौज येईपर्यंत काय उरणार हा प्रश्न होताच. बाहेर फिनिश सैन्याची कीर्ती शिगेला पोचली होती, तेव्हाच त्याने सरकारला तह करण्याचा सल्ला दिला. फौज अजून उभी आहे तोवरच तिच्या नावाला बाजारात किंमत आहे, हा त्यामागचा हिशेब. १३ मार्चला, एकशे पाच दिवसांनी, तोफा थांबल्या. देशाचा सुमारे दशांश भाग गेला, वीपुरी शहर गेले, चार लाखांवर लोक घर सोडून आले. पंचवीस हजारांच्या आसपास फिनिश सैनिक मेले. सोव्हिएत बाजूचे सव्वा लाखांहून अधिक मेले, हे रशियन अभ्यासकांनी १९९० नंतर प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून कळते. तहाच्या अटी ऐकून फिनिश लोकांना धक्काच बसला, कारण वर्तमानपत्रे वाचून आपण जिंकतो आहोत असेच त्यांना वाटत होते.

या कीर्तीचे परिणाम दूरवर गेले. लाल सैन्य कुचकामी आहे, हा जर्मन सेनापतींचा समज या युद्धाने पक्का केला. स्टालिनने मात्र धडा घेतला आणि व्होरोशिलोवला काढून टिमोशेंकोला संरक्षणखाते दिले. १९४१ च्या जूनमध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने पुन्हा युद्धात उतरले. मॅनरहाइमनेही ते मान्य केले. गेलेला मुलूख घेऊन त्याचे सैन्य थांबले नाही, पूर्व कारेलियात शिरले, आणि तेथे उभारलेल्या छावण्यांत रशियन नागरिक हजारोंनी मेले. लेनिनग्राडवर थेट हल्ला करण्याची जर्मन मागणी त्याने मानली नाही हे खरे. पण उत्तरेकडून वेढा घट्ट राहिला तो त्याच्याच फौजेमुळे. त्याची थोरवी सांगताना हे वगळणारे चरित्रकार मला पटत नाहीत. ४ जून १९४२ रोजी त्याच्या पंचाहत्तरीला हिटलर स्वतः आला. रेल्वेच्या डब्यातले त्यांचे खासगी बोलणे फिनिश नभोवाणीच्या तंत्रज्ञाने गुपचूप ध्वनिमुद्रित केले. त्यात हिटलर शांत आवाजात कबूल करतो, की सोव्हिएत रणगाड्यांची संख्या एवढी असेल यावर आपला विश्वासच बसला नसता. मॅनरहाइम बहुतांशी ऐकत राहिला आहे.

१९४४ च्या जूनमध्ये लाल सैन्याने मोठी चढाई केली, वीपुरी दहा-बारा दिवसांत पडले. जर्मन शस्त्रांच्या मदतीने ताली-इहांताला येथे फिनिश सैन्याने ती रोखली. पुन्हा तोच हिशेब. ४ ऑगस्टला संसदेने त्याला राष्ट्राध्यक्ष केले, सप्टेंबरात शस्त्रसंधी झाली आणि अटीप्रमाणे कालच्या जर्मन मित्रांना लॅपलंडमधून हाकलण्यासाठी त्याच सैन्याला लढावे लागले. देश लुटला गेला, खंडणी बसली. तथापि हेलसिंकीत परकी फौज शिरली नाही. माजी राष्ट्राध्यक्ष र्‍यूती व इतर सात जणांवर युद्धाबद्दल खटला होऊन १९४६ मध्ये शिक्षा झाल्या. मॅनरहाइमला कोणी हात लावला नाही.

प्रकृती ढासळल्याने मार्च १९४६ मध्ये त्याने पद सोडले. शेवटची वर्षे स्वित्झर्लंडमध्ये आठवणी लिहिण्यात गेली आणि जानेवारी १९५१ मध्ये लोझान येथे तो वारला. २००४ साली फिनिश लोकांनी मते देऊन सर्वांत थोर फिनिश व्यक्ती म्हणून त्याचीच निवड केली. २०१६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या नावाची शिला बसवली, तेव्हा वेढ्याची आठवण असलेल्या शहराने तिच्यावर रंग ओतला, कुऱ्हाडीचे घाव घातले आणि काही महिन्यांतच ती हलवावी लागली. त्याची कबर हेलसिंकीच्या हिएतानिएमी दफनभूमीत आहे. भोवती त्या युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आहेत.