केपच्या द्राक्षमळ्यांचा कर्ता
आपल्या मॉरिशसवर १६३९ साली ऊस आणला तो डच कारभारी आद्रियान व्हान डर स्टेल याने. त्याचा मुलगा सिमोन त्याच वर्षी बेटाकडे येणाऱ्या जहाजात जन्मला, असे सांगतात. त्याच्या बालपणीची सुरुवातीची वर्षे इथे गेली. त्याच्या आईची आई हिंदी होती, गुलामीतून सुटलेली.

१६७९ मध्ये सिमोन दक्षिण आफ्रिकेतील केपचा कमांडर झाला आणि त्याने स्टेलेनबॉश वसवले. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. ती भूमी द्राक्षाला मानवणारी. पण शेतकरी कच्चीच द्राक्षे तुडवीत आणि वाइन आंबट होई. सिमोनने नियम केला की पाहणी झाल्याशिवाय द्राक्षे तुडवू नयेत, मोडल्यास दंड. १६८५ मध्ये मिळालेल्या कॉन्स्टान्शियाच्या जमिनीवर त्याने स्वतःचा मळा उभारला. तिथल्या मस्कत द्राक्षांची गोड वाइन पुढे युरोपात गाजली. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियनही तीच पीत असे.

१७१२ मध्ये सिमोन कॉन्स्टान्शियातच वारला. मात्र हे मळे गुलामांच्या घामावर पिकले. गुलाम आजीचा नातू स्वतः गुलामांचा धनी होता. वाचकहो, त्याची कीर्ती सांगताना ते राबणारे हातही आठवावेत. उसाच्या शेतात ज्यांचे पूर्वज राबले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.